पाण्याखालच्या गुहा आणि खोल समुद्रातले थरारपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असे सिनेमे कधी पाहिलेले नाहीत. सुरुवात कशाने करू?

रॉन हॉवर्डच्या ‘थर्टीन लाइव्ह्ज’ने (२०२२) करा. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांच्या सुटकेची ही गोष्ट आहे. शेवट सगळ्या जगाला ठाऊक असूनही जवळपास अडीच तास जीव टांगणीला लागलेला राहतो आणि गुहेतलं पाणी हे काय प्रकरण असतं ते बघता बघता समजत जातं. त्यानंतर त्याच घटनेवरचा ‘द रेस्क्यू’ (२०२१) हा माहितीपट आणि मग ‘लास्ट ब्रेथ’ (२०१९ चा माहितीपट). हे तीन पाहून झाले की शार्क आणि राक्षसांच्या सिनेमांकडे खुशाल वळा. त्यांचीही मजा आहे. पण आधी खरं पाहिलेलं असलं की खोटं कुठून सुरू होतं ते आपलं आपल्याला कळतं.

समुद्रात बुडण्याची भीती समजू शकते. पाण्याखालच्या गुहेत त्याहून वेगळं काय असतं?

डोक्यावर छत असतं. बाकीचे सगळे धोके या एका गोष्टीतून निघतात.

उघड्या समुद्रात काही बिघडलं, तर शेवटचा उपाय म्हणून वर जाता येतं. घाईने वर गेल्याची किंमत शरीराला मोजावी लागते, पण निदान हवा मिळते. गुहेत वर दगड असतो. ज्या वाटेने आत गेलात, त्याच वाटेने तेवढंच अंतर मागे पोहून यावं लागतं. मग हवा संपत आलेली असो, टॉर्च विझलेला असो की सोबतचा माणूस बिथरलेला असो. म्हणूनच गुहेतला अपघात लक्षात येतो त्याच्या बऱ्याच आधी घडून गेलेला असतो. आत जाताना दहा मिनिटं जास्त रेंगाळलं, तिथेच तो झालेला असतो. बाहेर येताना फक्त त्याचा हिशेब चुकता होतो.

एखादा सिनेमा चांगला की नुसताच भपकेबाज, हे मी यावरूनच ठरवतो. दिग्दर्शकाला छताची जाणीव असेल तर त्याला वेगळा खलनायक लागत नाही.

डायव्हर सतत एक बारीक दोरी धरून असतात. ती सुटली तर खरंच एवढं बिघडतं?

हो. सिनेमात तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गुहेच्या तळाशी आणि कपारींमध्ये अतिशय बारीक गाळ साचलेला असतो. फिनचा (पायातल्या पोहण्याच्या पंखाचा) एक चुकीचा फटका बसला की तो उसळतो. रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातून) निघालेले बुडबुडे छतावर आपटले तरी वरची माती सुटून खाली येते. मग काही सेकंदांत टॉर्चचा झोत हातभर अंतरावर विरून तपकिरी उजेड तेवढा उरतो. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही, हवेचा साठा दाखवणारा गेज मास्कला टेकवूनही आकडा वाचता येत नाही. अंग पाण्यात तरंगत असल्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हेही कळेनासं होतं.

अशा वेळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची ती नायलॉनची दोरी हाच एकमेव रस्ता असतो. डायव्हर अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून दोरी त्यात घेतो आणि तिला ताण न देता पुढे सरकतो. ओढली तर ती एखाद्या खडकावरून निसटून अशा फटीत जाऊन बसते, जिथे माणूस मावत नाही. दोरीवर जागोजागी प्लॅस्टिकचे छोटे बाण अडकवलेले असतात आणि त्यांचं टोक जवळच्या बाहेर पडण्याच्या वाटेकडे असतं. डोळे निकामी झाले तरी बोटांनी चाचपून दिशा कळावी, म्हणून बाणाचाच आकार.

गाळ उसळल्याचा प्रसंग पडद्यावर आणणं अवघड आहे, कारण प्रामाणिकपणे दाखवला तर प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही. ‘थर्टीन लाइव्ह्ज’ने त्यावर आवाजाचा मार्ग काढला आहे: दगडाला घासणारे सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला श्वास. हा सिनेमा चांगले हेडफोन लावून बघा.

हवा किती वेळ पुरते? सिनेमात तर ती कथेच्या सोयीने संपते.

गुहेत जाणारे डायव्हर तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात. एक हिस्सा आत जायला, एक परत यायला आणि एक राखीव. सिलिंडरमध्ये २१० बार (बार हे दाबाचं माप) दाब असेल तर १४० वर काटा आला की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दालन दिसत असलं तरी. राखीव हिस्सा स्वतःसाठी कमी आणि जोडीदारासाठी जास्त असतो. त्याची हवा सगळ्यात आतल्या टोकाला संपली, तरी दोघांना एकाच साठ्यावर बाहेर येता यावं असा तो हिशेब आहे.

हे नियम कुणी खोलीत बसून केलेले नाहीत. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-डायव्हरने गुहेतल्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला आणि कुठली चूक पुन्हा पुन्हा होते ते १९७९ मध्ये मांडलं: बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं, हवेचा तिसरा हिस्सा न राखणं, झेपेल त्यापेक्षा खोल जाणं. पुढे त्यात प्रशिक्षण आणि प्रत्येकी किमान तीन टॉर्च यांची भर पडली. खुद्द एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या जलविवरात विक्रमी खोलीच्या प्रयत्नात मरण पावला.

दुसरा मुद्दा खोलीचा. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो आणि तेवढ्या पटीने हवा जास्त खर्च होते. पुढच्या उत्तरात त्याचा आकडाच मांडतो.

‘४७ मीटर्स डाउन’मध्ये ४७ मीटरचा एवढा बाऊ का केला आहे? धावायला तर ते अंतर काहीच नाही.

४७ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या ५.७ पट असतो. शांत डायव्हर वर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो, असं धरा. तोच माणूस ४७ मीटरवर ११४ लिटर घेईल. बारा लिटरच्या, २०० बारला भरलेल्या सिलिंडरमध्ये २,४०० लिटर हवा असते. भागाकार केला तर २१ मिनिटं येतात. आता त्याच्याभोवती शार्क फिरतोय आणि तो धापा टाकतोय, म्हणजे ती वेळ निम्म्यावर आली.

दुसरं संकट नायट्रोजनचं. साधारण ३० मीटरपासून पुढे दाबाखालचा नायट्रोजन मेंदूवर नशेसारखा परिणाम करतो. काही जण उगाच खूश होतात, काही घाबरतात, आणि गेजवरचा आकडा दिसूनही त्याचा अर्थ लागत नाही. या सिनेमाने हा धागा उचलून शेवटाकडे त्याचा जो वापर केला आहे, तो मला त्यातल्या शार्कपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. न पाहिलेल्यांसाठी इथेच थांबतो.

तिसरं, सरळ वर पळता येत नाही. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन उतरला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सांधे दुखण्यापासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून ठरावीक खोलीवर थांबत थांबत वर यावं लागतं. त्या थांब्यांना घड्याळ लागतं आणि हवाही.

‘थर्टीन लाइव्ह्ज’ किती खरा आहे? मुलांना खरंच बेशुद्ध करून बाहेर काढलं होतं?

खरंच. सगळ्यात अशक्य वाटणारा भागच सगळ्यात खरा आहे.

२३ जून २०१८ रोजी १२ मुलं आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत गेले आणि पावसाने मागची वाट पाण्याखाली गेली. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन हे दोन ब्रिटिश गुहा-डायव्हर त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा मुलं तोंडापासून काही किलोमीटर आत, अंधारातल्या एका उंचवट्यावर बसलेली होती. सगळी जिवंत. जग आनंदाने नाचलं, पण या दोघांना पुढचं दिसत होतं: सापडलेल्या मुलांना बाहेर काढण्याचा मार्ग नव्हता. अरुंद, गढूळ, जोरात वाहणाऱ्या पाण्यातून अननुभवी माणूस शुद्धीवर असताना नेला, तर तो घाबरून झटापट करणार आणि स्वतःसोबत डायव्हरलाही मारणार. ६ जुलैला समन कुनन हा थाई नौदलाचा माजी कमांडो आत सिलिंडर ठेवून परतताना मरण पावला. गुहेतल्या हवेतला ऑक्सिजन १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

म्हणून स्टँटनने ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड हॅरिसला बोलावलं. हा भूलतज्ज्ञ होता आणि अनुभवी गुहा-डायव्हरही. हॅरिसने आधी नकार दिला होता, कारण त्याला वाटत होतं की मुलं वाटेत मरतील. शेवटी ठरलं ते असं: भीती घालवायला अल्प्राझोलामची गोळी, लाळ कमी व्हावी म्हणून ॲट्रोपिन आणि भुलीसाठी केटामाइन. तोंडावर आत जास्त दाब राहील असा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हात मागे बांधलेले. भूल उतरायला लागली की वाटेत डायव्हरनेच मांडीत पुढचं इंजेक्शन द्यायचं. हे डायव्हर डॉक्टर नव्हते. इंजेक्शन कसं द्यायचं ते त्यांनी तिथेच शिकून घेतलं. ८ जुलैला चार, ९ जुलैला चार आणि १० जुलैला उरलेले पाच असे तेराही जण जिवंत बाहेर आले.

मूल बेशुद्ध असताना त्याला पाण्यातून नेणाऱ्या डायव्हरला एकच गोष्ट तपासता येते: मास्कमधून बुडबुडे निघताहेत की नाही. सिनेमात असा एक क्षण आहे, ज्यात डायव्हर थांबतो, ऐकतो आणि वाट बघतो. तेवढ्यात काळजाचा ठोका चुकतो.

मला या सिनेमाचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते डोंगरावरच्या लोकांना जागा दिल्याबद्दल. पावसाचं पाणी गुहेत झिरपू नये म्हणून ते वळवणारे स्वयंसेवक, आणि ते पाणी आपल्या उभ्या पिकात सोडू देणारे शेतकरी, यांना दुसऱ्या एखाद्या सिनेमाने दोन मिनिटांत उरकलं असतं.

मग त्याच घटनेवरचा ‘द रेस्क्यू’ वेगळा बघायची गरज आहे का?

आहे. एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांच्या या माहितीपटात थाई नौदलाने प्रत्यक्ष गुहेत केलेलं चित्रीकरण आहे. जे कॅमेऱ्यात आलंच नव्हतं ते त्याच डायव्हरांनी टाकीत पुन्हा करून दाखवलं आहे. आणि स्टँटन, वोलँथन स्वतः बोलतात. चारचौघांत अवघडणारी, मितभाषी माणसं. अशा कामाला असाच स्वभाव का लागतो, ते त्यांना ऐकून कळतं.

‘सँक्टम’ सत्यकथेवर आहे का?

सत्यकथेवरून सुचलेला आहे, एवढंच. सहलेखक अँड्र्यू वाइट १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नलरबोर पठारावरच्या पॅनिकिन प्लेन्स गुहेत मोहीम घेऊन गेला होता. वादळी पावसाने गुहेचं तोंड कोसळलं आणि पथक आत अडकलं. प्रत्यक्षात सगळे सुखरूप बाहेर आले. सिनेमाने (२०११) गोष्ट पापुआ न्यू गिनीत नेली आणि माणसं एकामागून एक मारली.

पात्रं आणि संवाद कच्चे आहेत, हे मान्यच करावं लागेल. पण एकाच रेग्युलेटरवर दोघांनी आळीपाळीने श्वास घेण्याचा प्रसंग बघा. श्वास घेऊन झाल्यावर रेग्युलेटर परत द्यायचा, हे बुद्धीला कळतं. हवा संपलेल्या शरीराला ते पटत नाही. तो एक प्रसंग अख्ख्या सिनेमाची भरपाई करतो.

या सिनेमात पाण्याखालचे स्टंट करणारी ॲग्नेस मिलोव्का ही उत्तम गुहा-डायव्हर होती. सिनेमा प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०११ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टँक केव्हमध्ये ती मरण पावली. वय २९.

गुहेत शार्क किंवा अज्ञात प्राणी असू शकतात?

‘द केव्ह’ (२००५) आणि ‘४७ मीटर्स डाउन: अनकेज्ड’ (२०१९) यांच्यातल्यासारखे नाहीत. अन्नच इतकं कमी असतं की मोठा शिकारी तिथे जगणार नाही. खरे रहिवासी छोटे, फिकट आणि बरेचदा आंधळे असतात. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये रेमिपीड नावाचा काही सेंटिमीटर लांबीचा, डोळे नसलेला, अनेक पायांनी उलटा पोहणारा जीव सापडतो. तो विषारी आहे, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. कवचधारी प्राण्यांमध्ये विषाचा हा पहिलाच सिद्ध झालेला दाखला. कुणीतरी एकदा यालाच पडद्यावर आणावं.

‘द केव्ह’ची गोष्ट विसरून जा, पण त्यातली पाण्याखालची दृश्यं जरूर बघा. त्यातली काही युकातानच्या खऱ्या गुहांमध्ये टिपलेली आहेत.

‘लास्ट ब्रेथ’मधला डायव्हर अर्धा तास हवेशिवाय कसा जगला?

आधी त्याचं काम समजून घ्यायला हवं. समुद्रतळाशी तेलाच्या नळ्या जोडणारे हे सॅच्युरेशन डायव्हर. रोज खाली जाऊन रोज दाब उतरवणं परवडत नाही, म्हणून ते जहाजावरच्या दाबाच्या खोलीत काही आठवडे राहतात, हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण श्वासात घेतात (त्याने आवाज चिरका होतो) आणि घंटेसारख्या डब्यातून कामावर उतरतात. काम संपल्यावर दाब हळूहळू उतरवायला काही दिवस लागतात. दाब एकदम सुटला तर काय होतं, ते १९८३ मध्ये उत्तर समुद्रात बायफर्ड डॉल्फिन या तेलविहिरीच्या रिगवर दिसलं. नऊ वातावरणांचा दाब क्षणात गेला आणि पाच जण मरण पावले.

१८ सप्टेंबर २०१२ रोजी ख्रिस लेमन्स उत्तर समुद्रात सुमारे ९० मीटर खोल काम करत होता. वादळात जहाजाला जागेवर धरून ठेवणारी संगणक यंत्रणा बंद पडली आणि जहाज वाहून जायला लागलं. त्याला हवा, गरम पाणी, उजेड आणि संपर्क पुरवणारी जाड नळी समुद्रतळावरच्या लोखंडी सांगाड्यात अडकली, ताणली आणि तुटली. पाठीवरच्या राखीव साठ्यात पाच-सहा मिनिटांचा श्वास होता. त्याला परत मिळवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला.

तो वाचला याची पटणारी कारणं दोन आहेत. पाणी तीन-चार अंशांचं होतं आणि सूटमधलं गरम पाणी थांबल्यामुळे शरीर झपाट्याने थंड पडलं, मेंदूची ऑक्सिजनची गरज घटली. शिवाय खोलीवर श्वासात घेतलेल्या मिश्रणात ऑक्सिजनचा दाब जास्त असतो, त्यामुळे रक्तात आणि पेशींत साठा मोठा होता. तिसरी गोष्ट त्याची स्वतःची: मिट्ट काळोखात चाचपडत तो त्या सांगाड्यावर परत चढला. शोधायला येणारे तिथेच येणार, हे त्याला माहीत होतं.

२०१९ च्या माहितीपटात रिमोटवर चालणाऱ्या यंत्राने टिपलेलं खरं दृश्य आहे. तो सांगाड्यावर पडलेला आहे, हात किंचित हलतोय, मग हलायचा थांबतो, आणि वर जहाजावर लोक ते बघताहेत. २०२५ चा वुडी हॅरल्सन, सिमू लिऊ आणि फिन कोल यांचा सिनेमा चांगला आहे, पण त्या एका दृश्याशी कुठलाही अभिनय बरोबरी करू शकत नाही.

‘द अबिस’मध्ये माणूस द्रवातून श्वास घेतो. ते निव्वळ कल्पनारंजन आहे का?

अर्धंच. त्यातल्या उंदराने खरोखर द्रवातून श्वास घेतला होता. तो कॅमेऱ्याचा खेळ नव्हता. परफ्लुओरोकार्बन नावाच्या द्रवात ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात विरघळतो आणि १९६० च्या दशकात उंदरांवर असे प्रयोग झालेले आहेत. अडचण उच्छ्वासाची येते. जड द्रव फुप्फुसातून तेवढ्या वेगाने आत-बाहेर करून कार्बन डायऑक्साइड काढून टाकणं श्वासाच्या स्नायूंना झेपत नाही. अभिनेता एड हॅरिसच्या प्रसंगात हेल्मेटमध्ये द्रव होता, पण त्याने श्वास रोखून धरला होता.

हे सगळं चित्रित कसं करतात? कलाकार खरंच पाण्यात असतात?

पुष्कळदा असतात. ‘द अबिस’साठी (१९८९) जेम्स कॅमेरॉनने दक्षिण कॅरोलायनातल्या गॅफ्नी इथल्या अर्धवट सोडलेल्या अणुवीज केंद्राचं टाकं वापरलं. त्यात सुमारे २.८ कोटी लिटर पाणी होतं. खोल समुद्राचा काळोख हवा म्हणून पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे असंख्य काळे मणी तरंगत सोडले. कलाकार आणि तंत्रज्ञ इतका वेळ खाली असत की वर येताना त्यांनाही दाब उतरवण्यासाठी थांबावं लागे. ‘थर्टीन लाइव्ह्ज’साठी ऑस्ट्रेलियात गुहेचे अरुंद भाग टाकीत बांधले गेले. विगो मॉर्टेन्सन आणि कॉलिन फॅरल यांनी डायव्हिंग स्वतः केलं आणि सल्ल्याला स्टँटन हजर होता.

एक खूण लक्षात ठेवा. सिनेमातले डायव्हर चेहरा पूर्ण दिसणारे, आतून दिवे लागलेले मास्क घालतात आणि एकमेकांशी गप्पा मारतात. ती प्रेक्षकांची सोय आहे. खऱ्या गुहेत बोलणं जवळजवळ नसतंच. टॉर्चचा गोल फिरवला की ‘सगळं ठीक’, झोत जोरजोरात आडवा हलवला की ‘संकट’.

‘अंडरवॉटर’सारखं मारियाना गर्तेच्या तळाशी सूट घालून चालता येईल?

नाही. तिथे दाब साधारण १,१०० वातावरणांचा आहे. माणूस आत साध्या दाबात राहील असे कडक सूट काहीशे मीटरपर्यंतच चालतात. दाब थेट अंगावर घेऊन माणूस सगळ्यात खोल गेला तो १९९२ मध्ये, कोमेक्स या फ्रेंच कंपनीच्या प्रयोगात ७०१ मीटरइतक्या दाबाला, आणि तोही जमिनीवरच्या दाबाच्या टाकीत. गर्तेच्या तळाशी फक्त जाड कवचाची यानं जातात. १९६० मध्ये ‘त्रिएस्त’मधून जाक पिकार आणि डॉन वॉल्श गेले, २०१२ मध्ये कॅमेरॉन एकटा गेला. कवचाच्या बाबतीत हयगय केली तर काय होतं, ते जून २०२३ मध्ये ‘टायटन’ने दाखवलं. पाच जण गेले, आणि तेही टायटॅनिकच्या अवशेषांकडे, म्हणजे गर्तेच्या जेमतेम एक तृतीयांश खोलीकडे जाताना.

मृत्यूचं खरं चित्रीकरण असलेले माहितीपट बघावेत का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डेव्ह शॉ २००५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या विवरात २७० मीटरवर उतरला. दहा वर्षांपूर्वी तिथे मेलेल्या एका तरुण डायव्हरचा मृतदेह आई-वडिलांकडे परत आणायचा होता. कामात टॉर्चची वायर दोरीत गुंतली, श्रमाने श्वास वाढला, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला आणि शॉ तिथेच मेला. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं नोंदलं गेलं. काही दिवसांनी दोर वर ओढताना दोन्ही मृतदेह वर आले.

‘डेव्ह नॉट कमिंग बॅक’ (२०२०) हा माहितीपट त्यावर आहे. तो बघावा असं मी म्हणेन, कारण त्याची नजर मित्रांवर आहे. शॉचा साथीदार डॉन शर्ली त्या दिवशी स्वतः मरता मरता वाचला आणि आतल्या कानाला झालेल्या इजेमुळे त्याचा तोल कायमचा बिघडला. मात्र इंटरनेटवर नुसता तो शेवटचा तुकडा शोधून बघू नका. माणूस बाजूला काढून त्याचं मरण तेवढं बघणं मला सहन होत नाही.

याच जातीचा ‘डायव्हिंग इनटू द अननोन’ (२०१६). नॉर्वेतल्या प्लुरा गुहेत २०१४ मध्ये दोन फिनिश डायव्हर मेले. धोका फार आहे म्हणून मृतदेह काढण्याची अधिकृत मोहीम थांबवली गेली. मग त्यांच्याच मित्रांनी, ज्यातले काही त्या अपघातातून वाचलेले होते, परवानगीशिवाय परत जाऊन त्यांना आणलं. तयारीच्या वेळी टेबलाभोवती बसून ही माणसं बोलतात: खाली अजून कुणी मेलं तर त्याला तिथेच ठेवायचं का. आवाज कुणी चढवत नाही.

सिलिंडरशिवाय खोल जाणाऱ्यांवरचा सिनेमा सुचवा.

‘द डीपेस्ट ब्रेथ’ (२०२३). इटलीची अलेसिया झेक्किनी आणि आयर्लंडचा स्टीफन कीनन यांची गोष्ट, इजिप्तमधल्या दहाब इथल्या ब्लू होलपर्यंत जाणारी. त्या विवराला सुमारे ५५ मीटरवर एक कमान आहे, जिच्यातून समुद्रात निघता येतं. म्हणजे एका श्वासावर खाली जायचं, छताखालून आडवं पोहायचं आणि मग वर यायचं. बघण्याआधी त्या दोघांबद्दल काहीही वाचू नका.

मुलांसोबत काय बघता येईल?

‘द रेस्क्यू’. मोठी मुलं असतील तर ‘थर्टीन लाइव्ह्ज’ही. बाकीचे थांबू द्या.

मला बंद जागेची भीती वाटते. तरी बघू का?

‘लास्ट ब्रेथ’ आणि ‘ओपन वॉटर’ (२००३) जमतील, कारण त्यांतला समुद्र उघडा आहे. गुहांचे सिनेमे दिवसा, सोबतीने आणि हवं तेव्हा थांबवता येईल असे घरी बघा. श्वास रोखला जातोय असं वाटलं तर बंद करा. संपवायलाच हवा असा काही नियम नाही.

हे बघून गुहेत डायव्हिंग शिकावंसं वाटायला लागलं. शिकू?

शिका, पण पायरीपायरीने. आधी उघड्या पाण्यातलं प्रशिक्षण, मग तिथला भरपूर अनुभव, मग गुहेचं वेगळं प्रशिक्षण. उघड्या पाण्यातलं प्रमाणपत्र गुहेत उपयोगाचं नाही, शिक्षक असलात तरी. फ्लोरिडा आणि मेक्सिकोतल्या अनेक गुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, मृत्यूचं चित्र असलेली पाटी लावलेली आहे. तिच्यावर लिहिलंय की इथून पुढे जाऊ नका, उघड्या पाण्यातले प्रशिक्षित शिक्षकही अशा गुहांमध्ये मेले आहेत. आत असं काहीही नाही ज्यासाठी मरावं, हेही तीच पाटी सांगते. तिथून मागे वळलेला डायव्हर शहाणा असतो.

फारसा कुणी न पाहिलेला, पण तुम्हाला मनापासून आवडणारा एक सिनेमा?

‘ब्रेकिंग सरफेस’ (२०२०), स्वीडिश, दिग्दर्शक योआकिम हेडेन. हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर दोन बहिणी डायव्हिंगला जातात. दरड कोसळते आणि एक बहीण तळाशी दगडाखाली अडकते. दुसरीने वर जायचं, सिलिंडर आणायचे, मदत मिळवायची; प्रत्येक फेरीत तिच्या शरीरातला नायट्रोजन वाढतोय आणि खालच्या बहिणीची हवा कमी होतेय. ना शार्क, ना राक्षस. गाडीची डिकी उघडत नाही एवढ्याशा गोष्टीने हातापायातलं बळ जातं. २०२३ मध्ये त्याचा ‘द डाइव्ह’ या नावाने रिमेक झाला, पण मूळ सिनेमाच बघा, उपशीर्षकं लावून.